मालवाहू सायकलीस बॅटरी कोणती घ्यावी ?

साध्या सायकलीस विजेची मोटार बसवून भाजीपाला व दूध बाजारांत न्यावें, हा विचार आज पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत घोळत आहे. विचार चांगलाच आहे. परंतु मोटारीची व चाकाची चौकशी जो तो करितो आणि बॅटरीची निवड मात्र दुकानदाराच्या जिभेवर सोडितो, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. खर्चाचा मोठा भाग बॅटरींतच जातो आणि धोकाहि तिच्यांतच असतो.

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. आमची पहिली बॅटरी "एका भरण्यांत चाळीस किलोमीटर" एवढ्या बोलीवर आम्ही घेतली. रिकामी गाडी उत्तम चाले. परंतु वांग्यांचे तीन क्रेट लादून ओढ्याच्या चढावर आलों कीं वीज एकदम बंद ! खालीं उतरून ढकलावें, वर गेल्यावर बटण दाबावें, कीं पुन्हां सुरू. दुकानदारानें मोटारीस दोष दिला. खरें कारण पुढें समजलें. मोटारीचा कंट्रोलर चढावर १५ अँपियर प्रवाह मागे, आणि बॅटरीच्या पोटांतील बीएमएस, म्हणजे तिचें रक्षण करणारें सर्किट, १० अँपियरांच्या वर गेलें कीं प्रवाह तोडी. तें बिचारें आपली चाकरी बजावीत होतें. हा आंकडा आम्ही विचारलाच नव्हता.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तेथें "जमीन बरीच आहे" असें कोणी लिहीत नाहीं. क्षेत्र व आकार आंकड्यांनींच मांडावे लागतात. बॅटरीचें क्षेत्र म्हणजे वॅट-तास. व्होल्टांस अँपियर-तासांनीं गुणिलें कीं तें निघतें. ४८ व्होल्ट व १५ अँपियर-तास म्हणजे ७२० वॅट-तास. ओझें लादून, पायडल मारीत, खडबडीत रस्त्यानें जातांना किलोमीटरामागें सुमारें २० वॅट-तास धरावे. बाजार १२ किलोमीटरांवर असल्यास जाऊन येऊन ४८० लागतील. येतांना गाडी रिकामी असली तरी हिशेब भरल्या गाडीचाच करावा. बॅटरी जुनी होते तशी तिची धारणशक्ति घटत जाते, आणि तेव्हां ही शिल्लक उपयोगी पडते.

शिशाची बॅटरी स्वस्त पडते हें कबूल. पण ४८ व्होल्ट, २० अँपियर-तासांचा संच २५ किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे अर्धी गोणी कांदा रोज फुकट वाहावयाचा ! शिवाय ती नेहमीं अर्ध्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर मरते. लिथियमच्या दोन जाती मुख्यतः मिळतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टची हलकी असते. लोह-फॉस्फेटची, जिला बाजारांत एलएफपी म्हणतात, ती तेवढ्याच शक्तीस कांहीं किलो जड. शहरांतील हौशी सायकलस्वारास हलकेपणाचें महत्त्व असेल. पन्नास-साठ किलो माल लादणारानें त्या थोड्या किलोंची क्षिति कां बाळगावी? एलएफपी तापली तरी सहजासहजीं पेट घेत नाहीं, आणि भरण्या-रित्या होण्याचे फेरेहि ती बहुधा दुपटीहून अधिक काढते. आमचें मत तिच्याच बाजूस आहे.

मात्र चार्जर ज्या त्या बॅटरीचाच हवा. तेरा सेल ओळीनें जोडलेली निकेलची बॅटरी ५४.६ व्होल्टांस पूर्ण भरते. सोळा सेलांची एलएफपी ५८.४ व्होल्टांस. दुकानांत दोहोंसहि "४८ व्होल्ट"च म्हणतात. दुसरीचा चार्जर पहिलीस लावणें म्हणजे घरांत आग आणणें होय. सन २०२२ मध्यें विजेच्या दुचाक्यांस आगी लागल्यावर केंद्र सरकारनें बॅटरीच्या परीक्षेचे नियम कडक केले. पण ते मोटारवाहनांचे. सायकलीकरितां सुटी विकली जाणारी बॅटरी त्या परीक्षेंतून गेलीच असेल असें समजूं नये. जुने सेल नव्या वेष्टनांत घालून विकणारेहि आहेत.

म्हणून वॅट-तास, बीएमएसचा सततचा अँपियर-आंकडा व सेलांची जात आणि संख्या पावतीवर लिहून मागावी. लिहून देण्यास जो कांकूं करील त्याच्या दुकानाची पायरी उतरावी. आमची दुसरी बॅटरी सोळा सेलांची एलएफपी असून बीएमएस ३० अँपियरांचें आहे; ओढ्याचा चढ ती भरल्या क्रेटांनिशीं चढते. ती आम्ही ओसरीवर, कडब्याच्या गंजीपासून दूर, घरांत कोणी जागें असतांनाच भरतों. आणि पावसाळ्यांत गाडी बंद राहणार असली म्हणजे अर्धी भरून कोरड्या जागीं ठेवतों.