लग्न झालंय का?



मागच्या महिन्यात वस्तीतल्या एका तरुण मैत्रिणीबरोबर दवाखान्यात गेले होते. ओटीपोटात दुखत होतं, अंगावरून पांढरं जात होतं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "लग्न झालंय का?" दार उघडं, बाहेर रांग. ती म्हणाली, "नाही." तिथेच प्रश्न संपले. तपासणी नाही, नुसत्या गोळ्या. डॉक्टरांना कळायला हवं होतं ते तिने परतताना रिक्षात मला सांगितलं. इतकी वर्षं आरोग्य-शिबिरं घेणारी मी, पण त्या खोलीत मीही गप्प बसले होते. तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे.

संबंध आला आहे का, हे विचारायचा संकोच. म्हणून लग्नाचं विचारायचं. पण लागण काही मंगळसूत्र बघून होत नाही. आणि लग्न झालेलीचं तरी काय? तिला गोळ्या मिळतात, नवऱ्याला कुणी बोलावत नाही. संबंधातून होणाऱ्या आजारात जोडीदाराचाही उपचार झाला नाही तर तिला पुन्हा लागण होते. मग तीच 'सारखी कुरकुर करणारी' ठरते.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणं होतं, विचारणारं कुणी नव्हतं.

कायदा मात्र पुढे गेला आहे. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताची मुभा दिली. तरी तपासणीच्या टेबलापाशी अजून लग्नच विचारलं जातं.

डॉक्टरांकडे आपलं मागणं मोठं नाही. दार लावा. आजाराला लागू असेल तेच विचारा. उत्तर ऐकून भुवया उंचावू नका. तपासण्याआधी काय करणार ते सांगा.

आणि आपण? गटाच्या पुढच्या बैठकीत हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहूया. आपल्याच तोंडून ते निघाले नाहीत, तर त्या मुलीने ते कुठून आणायचे?

मी तिच्याबरोबर पुन्हा जाणार आहे. या वेळी आधी दार लावून घेईन.