गाणे उतरले, नाव राहिले

दिवाळीच्या साफसफाईत घरच्या मंडळींची नजर हटकून ज्या कपाटावर जाते, ते बहुधा घरातल्या गानवेड्या माणसाचे असते. एके काळी त्यात सीडी मोठ्या दिमाखाने उभ्या असत. आता त्या वाजवण्याचे यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा सापडत नाही, नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची सोयच नसते, आणि इंचाइंचाचा हिशेब करणाऱ्या आमच्या सदनिकेत सहाशे सीडी म्हणजे भाडे न देणारे सहाशे पोटभाडेकरू! तेव्हा 'हे सगळे एकदाचे कॉम्प्युटरवर उतरवा आणि कपाट मोकळे करा' असा ठराव आमच्या घरी एकमताने, म्हणजे माझे मत न विचारता, संमत झाला. गेले चार महिने मी त्याची अंमलबजावणी करीत आहे.

ज्यांच्या घरी हा ठराव अजून यायचा आहे, त्यांना आधी थोडा धीर देतो. काम वाटते तितके अवघड नाही. १९८२ साली जपानात सीडी प्रथम बाजारात आली, तीच मुळी आकड्यांच्या रूपात. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घ्यायचे आणि ते आकडे तबकडीवर कोरायचे, असा तिचा मामला. कॅसेटची नक्कल मुळापेक्षा नेहमी थोडी फिकी येई. आकड्यांची नक्कल नीट झाली की ती मुळाइतकीच अस्सल. भरगच्च सीडी सातशे मेगाबाइटच्या घरात जाते. 'फ्लॅक' नावाच्या पद्धतीने ती साठवली तर जागा साधारण निम्मी लागते आणि सूर एकही गळत नाही. 'एमपी थ्री'ला जागा त्याहून पुष्कळ कमी लागते. पण कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग तिच्यात कायमचा काढून टाकलेला असतो. फ्लॅक म्हणजे शालू घडी घालून ठेवणे, एमपी थ्री म्हणजे शालूचे परकर-पोलके शिवणे. शालूचे परकर-पोलके केव्हाही होते, परकर-पोलक्याचा शालू होत नाही! माझ्या सहाशे सीडी फ्लॅकमध्ये दोन-सव्वादोनशे गिगाबाइटमध्ये मावल्या. हातात मावणारी हार्ड डिस्क त्यांना पुरून उरली.

तबकडी पुसताना मात्र मऊ फडके मधून कडेकडे सरळ न्यावे, ताटासारखे गोल फिरवू नये. आडव्या चऱ्यातून यंत्र सहसा वाट काढते. गोल चरा पडला तर माहितीची ओळच्या ओळ पुसली जाते. आणि जपायची ती केवळ चकचकीत बाजू नव्हे. चंदेरी थर असतो नाव छापलेल्या बाजूला, अगदी पातळ लेपाखाली.

पण हे झाले हमालीचे काम. खरी कसोटी पुढेच आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते की, बहुतेक सीडींवर गाण्यांची नावे मुळी नोंदलेलीच नसतात. तुकडे किती आणि प्रत्येकाची लांबी किती, एवढेच तबकडी सांगते. कॉम्प्युटर ती लांबी इंटरनेटवरच्या याद्यांशी ताडून पाहतो आणि जुळेल ते नाव चिकटवतो. ती यादीही कुणीतरी कुठेतरी बसून टंकलेली. त्यामुळे एकच भूप माझ्याकडे तीन निरनिराळ्या वर्णलेखनांनी आला आणि तीन रागांसारखा वेगळा राहू लागला. नाट्यसंगीताची तर कथाच वेगळी. १९१६ च्या 'स्वयंवर'ची पदे खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ती गाजवली बालगंधर्वांनी, आणि माझ्या सीडीवर ती गातो आहे नंतरच्या पिढीतला कुणी. कॉम्प्युटर विचारतो, 'कलाकार?' आणि पुढे चौकट एकच!

'गीतरामायणा'ने तर मला चांगलाच घाम फोडला. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने वर्षभर ऐकवलेली ही छप्पन्न गीते; त्यांत क्रमाला केवढे महत्त्व! पण दर तबकडीवर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू. तबकडीचा क्रमांक न घालता साऱ्या एकत्र ठेवल्या, तर वनवासाला निघण्याआधीच राम लंकेत पोहोचतो. यासाठी गदिमांच्या क्रमाने ०१ ते ५६ असे आकडे हाताने घालावे लागतात.

अशा वेळी मला गौहरजानची आठवण होते. १९०२ साली कलकत्त्यात तिचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. दोन-तीन मिनिटांत गाणे आटोपून शेवटी ती खणखणीत इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे. ध्वनिमुद्रिका छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावे, ही त्यामागची सोय. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईंना जे कळले होते, ते आपण विसरलो. गाण्याबरोबर नाव गेले पाहिजे.

याचा खरा प्रत्यय घरी भरलेल्या सीडींनी आणून दिला. वडिलांनी २००४ च्या सुमारास जुन्या कॅसेटींवरून अशा चाळीसेक तबकड्या करून ठेवल्या होत्या. कारखान्यात छापलेल्या सीडीपेक्षा या फार नाजूक. त्यांतली माहिती रंगाच्या थरावर असते आणि ऊन-उकाड्याने तो थर विटतो. म्हणून मी आधी त्याच हाती घेतल्या. तरीही तीन वाचताच आल्या नाहीत. बाकीच्या उतरल्या, पण वर लिहिलेले काय? 'कोजागिरी, भाग २'. आत एका बाईंच्या आवाजात संथ भीमपलास. बाई कोण, कुणालाच माहीत नाही.

मी तो तुकडा शहाऐंशी वर्षांच्या आत्याला ऐकवला. पहिला आलाप संपायच्या आत ती म्हणाली, "अरे, ही तर आमची अक्का!"

"अक्का गात होती?"

"लग्नाआधी शिकत होती. सासरी कुणाला आवडत नसे. एकोणऐंशीच्या कोजागिरीला सगळ्यांनी गळ घातली, तेव्हा वीस वर्षांनी गायली. आणि मध्ये खोकतात ते तुझे आजोबा."

अक्काला जाऊन बारा वर्षे झाली. तिच्या मुलांनी आईचे गाणे कधी ऐकले नव्हते. त्यांना तो भीमपलास पाठवला. थोरल्याने उत्तरादाखल काहीच लिहिले नाही, रात्री फोन मात्र केला आणि बराच वेळ अक्काच्या हातच्या थालीपिठाबद्दलच बोलत राहिला. मी फायलीत लिहून ठेवले: गायिका अक्का, राग भीमपलास, कोजागिरी १९७९, खोकला आजोबांचा.

बालगंधर्वांचे नाव आज चुकले तर उद्या कुणीतरी दुरुस्त करील. अक्काचे नाव जगातल्या कोणत्याच यादीत नाही. ते फक्त आत्याच्या कानात होते.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. बाजारातून आणलेल्या सीडी थांबू शकतात; घरी भरलेल्या आधी उतरवा. हार्ड डिस्कही कधीतरी दगा देतेच, तेव्हा एक प्रत आपल्याकडे आणि दुसरी बहिणीच्या किंवा मुलाच्या घरी ठेवा. आणि येत्या भाऊबीजेला वडीलधारी माणसे जेवून निवांत बसली की, एखादी अनामिक तबकडी लावा आणि विचारा, "हे कोण गाते आहे?" उत्तर मिळेल ते लगेच लिहून घ्या. कपाट काय, पाडव्यानंतरही आवरता येईल.