तेरापैकी तेरा, तरी पाचवा नंबर

शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे दोनशे रेझ्युमे आले. जागा तीन. एक्सेलमध्ये कॉलेजच्या नावावर फिल्टर लावला, दहा मिनिटांत दोनशेचे तीस केले आणि घरी गेलो. रात्री झोप येईना म्हणून नेटवर एक जुनी मॅच लावली आणि तिथेच घोळ झाला.

मॅच अमेरिकन कॉलेज फुटबॉलची, १ जानेवारी २००७ ची. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळायचा.) एका बाजूला ओक्लाहोमा, एकदम खानदानी टीम. समोर आयडाहो राज्यातलं बॉइसी स्टेट, ज्यांच्या घरच्या मैदानाचा रंग चक्क निळा आहे.

२००६ च्या मोसमात बॉइसीने बारापैकी बारा मॅचेस जिंकल्या होत्या. ओरेगन स्टेटला त्यांनी ४२-१४ असं धुतलं. त्याच ओरेगन स्टेटने पुढे बलाढ्य यूएससीला हरवलं. तरी बॉइसी अंतिम सामन्याच्या जवळपासही नव्हतं. कारण तेव्हा नॉकआउट नव्हतीच. फायनलसाठी थेट दोन टीम निवडायच्या, त्याही फॉर्म्युल्याने. दोन मतचाचण्या आणि सहा कॉम्प्युटर रँकिंग्जची सरासरी, प्रत्येकाचं वजन एक तृतीयांश. किती फरकाने जिंकलात हे मोजायला कॉम्प्युटरना मनाई होती. प्रतिस्पर्धी कोण होते, ते मात्र मोजलं जाई. मग मोठ्यांशी खेळायचं ना! पण मोठे लोक असल्या टीमच्या मैदानावर कशाला जातील? हरले तर अब्रू जाते आणि जिंकले तर कौतुक नाही.

तर ती मॅच. सात सेकंद उरले असताना बॉइसीने बरोबरी साधली. जादा वेळेत ओक्लाहोमाने पहिल्याच चालीत टचडाउन केला. बॉइसीने उत्तर दिलं, ४२-४१. आता साधी किक मारली की पुन्हा बरोबरी. पण पहिल्याच वर्षी मुख्य कोच झालेल्या ख्रिस पीटरसनने दोन गुणांचा जुगार खेळला. क्वार्टरबॅकने उजव्या हाताने फेकल्याचं नाटक केलं, डाव्या हाताने पाठीमागून चेंडू इयन जॉन्सनला दिला आणि ४३-४२!

पुढच्या आठवड्यात फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१-१४ हरवून विजेतेपद घेतलं. त्या मोसमात फ्लोरिडा एकदा हरली होती. बॉइसी १३-०, वरच्या गटातली एकमेव अपराजित टीम. एपीच्या अंतिम यादीत क्रमांक? पाचवा.

तुम्ही म्हणाल, दुबळ्यांशी खेळून कोणीही जिंकेल. एका मॅचने काय सिद्ध होतं? मान्य. फ्लोरिडासमोर बॉइसी कदाचित सपाटून हरली असती. माझा मुद्दा ती जिंकली असती असा नाहीच. रँकिंग हा अंदाज असतो, आणि अंदाज चुकला तर ते कळायची सोय हवी. ज्याला मैदानावर उतरूच दिलं नाही त्याच्याबद्दलचा आपला अंदाज कधीच चुकत नाही. आपल्या धंद्यात याला टेस्टिंग न करता 'एकही बग नाही' म्हणणं म्हणतात.

अमेरिकेने हे हळूहळू सुधारलं. २०१४ च्या मोसमापासून चार टीमचा प्लेऑफ आला, २०२४ ला बारा टीमचा, त्यातही छोट्या गटांतल्या किमान एका विजेत्याला जागा. त्या पहिल्याच वर्षी बॉइसी स्टेट थेट उपांत्यपूर्व फेरीत गेली आणि पेन स्टेटकडून ३१-१४ अशी हरली. हरली ना, हरू दे. पण मैदानावर हरली, फॉर्म्युल्यात नाही.

आता माझा फिल्टर. मी ज्या कॉलेजातून आलो तिथे मोठ्या कंपन्या येत नसत. दुसऱ्या कॉलेजच्या कॅम्पसला एसटीने जाऊन, मागच्या बाकावर बसून परीक्षा दिली होती, कारण कोणीतरी आम्हाला बसू दिलं. परवाच्या माझ्या फिल्टरमधून मी स्वतः पास झालो नसतो!

सोमवारी तो फिल्टर काढतोय. दोनशेही जणांना एकच प्रॉब्लेम, एक तास. तपासायला माझा आठवडा जाईल, जाऊ दे. हरायचं त्यांनी हरावं, पण खेळून.