दोनदा वितळलेला दगड

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बहुतेकांना माहीत असतं ते उल्केच्या धडकेने पडलेलं विवर म्हणून, नाहीतर जून २०२० मध्ये अचानक गुलाबी झालेल्या पाण्यामुळे. पण या विवराभोवतीच्या मातीत आणखी एक नवल दडलंय. काळपट काचेचे तुकडे आणि मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही बारीक गोल मणी! ही काच म्हणजे वितळून झटकन थंड झालेला दगड. पण दगड वितळला कशाने?

ज्वालामुखी की उल्का?

वितळलेला दगड म्हटलं की आपल्याला आधी ज्वालामुखीच आठवतो. लोणारमध्ये तर हा अंदाज अगदी साहजिक होता. दख्खनचं पठारच मुळी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने बनलेलं आहे. तोच आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचंच, असं बरीच वर्षं मानलं जात होतं.

१९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चित्र बदललं. इथल्या दगडांत ‘मास्केलिनाइट’ सापडलं. बेसाल्टमधल्या एका खनिजाची प्रचंड दाबाच्या धक्क्याने काच झाली की ते तयार होतं. एवढा दाब ज्वालामुखीत नसतो. तो फक्त आकाशातून आलेल्या धडकेतच मिळतो.

मग एवढी उष्णता आली कुठून?

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की ती तापते. उल्केच्या धडकेत असंच काहीसं दगडाचं होतं.

अशी उल्का सेकंदाला १५-२० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. त्या क्षणी जमिनीत धक्क्याची एक लाट घुसते. तिचा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबापेक्षा काही लाख पट जास्त असतो. दगड क्षणभर आवळला जातो. लाट पुढे सरकली की दाब सुटतो, पण दगडात शिरलेली सगळी ऊर्जा बाहेर पडत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता बनते आणि दगड वितळतो. म्हणजे हा रस जमिनीच्या पोटातून वर आलेला नसतो, तो जागच्या जागी तयार होतो.

धडकेच्या अगदी जवळ दगडाची वाफ होते, थोडं पुढे रस होतो आणि त्याहून लांब नुसते तडे जातात.

मग उल्केचं काय? तिचीही बरीचशी वाफ होते किंवा ती वितळून जाते. लोणारच्या मण्यांमध्ये निकेलसारख्या धातूंच्या रूपात तिचा अगदी थोडा अंश सापडतो. बाकी सगळा आपलाच बेसाल्ट! म्हणजे हा दगड दोनदा वितळला. एकदा लाव्हा म्हणून आणि दुसऱ्यांदा उल्केमुळे.

मोठी धडक, मोठा रस

कॅनडातल्या सडबरी इथे सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी याहून कितीतरी मोठी धडक झाली. तिथे वितळलेल्या दगडाचा थर किलोमीटरमध्ये मोजावा लागतो. त्या रसातून खाली बसलेलं निकेल आजही खाणींतून काढलं जातं. गंमत म्हणजे तेही मुख्यतः उल्केचं नाही, पृथ्वीचंच आहे. आपल्या मध्य प्रदेशात, शिवपुरी जिल्ह्यातल्या ढाला इथेही असा वितळलेला दगड सापडला आहे.

काच नव्हे, घड्याळ

दगड पूर्ण वितळला की त्यातला साठलेला आर्गॉन वायू निघून जातो. थंड झाल्यावर तो पुन्हा शून्यापासून साठू लागतो. जणू घड्याळ नव्याने सुरू होतं! हाच वायू मोजून शास्त्रज्ञांनी लोणारचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं काढलं. आधीच्या एका मोजणीत ते जेमतेम ५२ हजार आलं होतं.

म्हणून लोणारला गेलात तर पायाखालची काच आठवण म्हणून खिशात टाकू नका. तो तुकडा कुठे, कोणत्या थरात पडलाय, हाही पुराव्याचाच भाग आहे. मुलांना तो तिथेच दाखवा, गोष्ट सांगा आणि जागच्या जागी राहू द्या.