वायूच्या पहाऱ्यातून निसटलेला प्रकाश

दोन दीर्घिकांची टक्कर म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे तारे तारकांवर आदळताना उभे राहतात. तसे काही होत नाही. ताऱ्यांमधली अंतरे एवढी अफाट, की ते बहुधा सुखरूप निघून जातात. धुमश्चक्री होते ती वायूची. तो घुसळला जातो, दाटतो आणि त्यातून नव्या, तप्त ताऱ्यांचे पुंजके जन्मतात. त्यांच्या अतिनील प्रकाशापैकी ९१२ अँगस्ट्रॉमहून आखूड लहरी हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉनच उडवून लावतात.

पण ज्या हायड्रोजनातून हे तारे जन्मले तोच भोवती पहारा करीत असतो आणि असा प्रकाश गिळून टाकतो! मग तो बाहेर पडावा कसा? प्रश्न रिकामटेकडा नव्हे. बाल्यावस्थेतले विश्व हायड्रोजनच्या धुक्याने भरलेले होते. पहिल्या सुमारे १०० कोटी वर्षांत ते विरले. कुणाचे तरी किरण निसटल्यावाचून हे घडणे कठीण.

शिल्पकार तारकासमूहात, सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षांवर, ‘हारो ११’ नावाची ओबडधोबड दीर्घिका आहे. मेक्सिकोचे ज्योतिर्विद गिलेर्मो हारो यांच्या १९५६ सालच्या निळ्या दीर्घिकांच्या यादीतली ही अकरावी. वस्तुतः तिथे दोघींचा विलय चालू आहे. २००६ साली बेर्गवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्यूज’ उपग्रहाच्या नोंदींतून तिचा असा प्रकाश निसटत असल्याचे दाखविले. विश्वाच्या प्रसरणामुळे त्याच्या लहरी किंचित ताणल्या गेल्या होत्या. एरवी आपल्याच दीर्घिकेतल्या हायड्रोजनने तो वाटेत फस्त केला असता. पुढच्या मोजणीत निसटण्याचे प्रमाण शेकडा ३ च्या आसपास भरले. तीनच? पण पहारा पाहता तेही थोडे नव्हे.

वायूला भोके पाडण्याचे श्रेय एरवी ताऱ्यांच्या झंझावातांना आणि महास्फोटांना देतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दक्षिण आफ्रिकेच्या ‘मीरकॅट’ रेडिओ दुर्बिणीने ‘हारो ११’मधला थंड हायड्रोजन धुंडाळला. विलयाच्या ओढाताणीत तो बराचसा एका बाजूला खेचला गेलेला आढळला. पहारेकरीच जागेवरून हलविलेला! एका दाखल्यावरून नियम बांधणे घाईचे. तरी कोवळ्या विश्वात असे विलय आजच्याहून पुष्कळ होत, हे ध्यानात घ्यावे.

२०२० साली पुण्याच्या ‘आयुका’तील कनक साहा व सहकाऱ्यांनी आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने टिपलेला असाच प्रकाश जाहीर केला. ती दीर्घिका ९३० कोटी प्रकाशवर्षांवरची. तिच्यातून निदान शेकडा २० प्रकाश निसटतो, असा त्यांचा हिशेब आहे.