घर विकताना



घर विकायचे झाले, तर ते गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे आधी बदलावे की आहे तसेच दाखवावे? हा प्रश्न आमच्या घरी आला होता. त्याविषयी माझे मत सांगतो.

जुन्या धुळ्यात माझ्या मामूंचे धाब्याचे घर होते. मातीच्या रुंद भिंती, वेलबुट्टी कोरलेले सागवानी खांब, लाल-निळ्या काचांची खिडकी आणि भिंतीत कोनाडे. उर्दूत आपण ज्याला 'ताक' म्हणतो, तोच हा कोनाडा. मराठीत मात्र ताक पितात, हे विसरू नका! मामू जळगावला मुलाकडे राहायला आले आणि घर विकायला काढले. गिऱ्हाइके येत, पण त्यांना हवा असे स्लॅब आणि चकचकीत टाइल्स. दलाल म्हणाला, "कोनाडे बुजवा, खांब प्लायवुडने झाका."

मला हे पटले नाही. झाकलेल्या खांबाला वाळवी लागली, तर ती दिसणार कशी? दोष लपवणे ही फसवणूक आहे आणि गुण लपवणे हे आपलेच नुकसान आहे. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडतो. जाड मातीतून मात्र ऊन लवकर आत येत नाही. पण पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकावी लागते, नाहीतर ते गळते. गिऱ्हाइकाला दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

जुन्या सजावटीला किंमतच नसते, असेही नाही. तामिळनाडूत कारैकुडीच्या परिसरात चेट्टियार व्यापाऱ्यांचे जुने वाडे आहेत. त्यांचे खांब ब्रह्मदेशातील सागाचे. काही वाड्यांची आता हॉटेले झाली आहेत. जे पाडले गेले, त्यांचे खांब आणि दरवाजे तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले गेले.

आम्ही घराला सफेदी केली, कुजलेली तुळई बदलली आणि घरच्या तसबिरी उतरवल्या. बाकी सारे तसेच ठेवले. चार महिन्यांनी एका कुटुंबाने घर घेतले. भाव थोडा कमी मिळाला. त्यांनी खांब ठेवले, कोनाडे मात्र बुजवले. मामूंना वाईट वाटले, पण ते म्हणाले, "आता घर त्यांचे आहे."

मित्रांनो, विकणाऱ्याने खरे सांगावे आणि घेणाऱ्याने आपल्या आवडीने राहावे. तुम्हांला काय वाटते?