मोत्याच्या विम्याचे कागद

"कुत्र्याचा कसला आलाय विमा? माणसांचे हप्ते भरता भरता नाकी नऊ येतात!" आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा ह्यांनी असे म्हणून वर्तमानपत्र पुढे धरले. तुमच्याही घरी असेच होईल. पण गेल्या श्रावणात आमच्या वन्संच्या घरी जे घडले, त्यानंतर ह्यांनीच मला सांगितले, "हे एकदा तुझ्या सदरात लिही."

वन्सं पुण्यात एकट्या राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या, पाठोपाठ त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून घरात त्या आणि मोत्या. मोत्या साधा गावठी, तांबूस रंगाचा, पण वन्संच्या पायाखाली घोटाळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एका रात्री अकराला वन्संचा फोन आला. "वहिनी, याच्या नाकातून रक्त येतंय. दोन दिवस काही खाल्लंही नाही."

आम्ही रिक्षाने त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले. गोचीड ताप निघाला. रक्तातल्या प्लेटलेट फार खाली आल्या होत्या. चार दिवस सलाईन, एकदा दुसऱ्या कुत्र्याचे रक्त, पुढे महिनाभर गोळ्या. बिल झाले २७,४०० रुपये. वन्सं शांत होत्या. "विमा आहे ना, दोन वर्षं हप्ता भरतेय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी चष्मे लावून पॉलिसी वाचली. आजाराने किंवा अपघाताने कुत्रा मेला तर ठरलेली रक्कम मिळेल, एवढेच त्यात होते. उपचारांच्या खर्चाचा शब्दही नव्हता. विकणाऱ्याने तोंडी सांगितले होते, "सगळं येतं बाई त्यात." वन्संनी कागद घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे मोत्या गेला असता तर पैसे मिळाले असते. वाचला, म्हणून नाहीत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "काल रात्री डॉक्टरांनी आधी पैसे भरायला सांगितले ना, तेव्हा तो टेबलावर धापा टाकत होता आणि मी मनात हिशेब करत होते. ते मला लागलंय."

शेवटी मुदतठेव मोडली. मोत्या वाचला. पण तुमच्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हा प्रपंच.

आधी ओळखा, विमा कशाचा आहे

आपल्याकडे जनावरांचा विमा मुळात गाईम्हशींसाठी आला. म्हशीच्या कानातला विम्याचा बिल्ला खेड्यातल्या मैत्रिणींना ठाऊक असेलच. जनावर दगावले तर शेतकऱ्याचे नुकसान भरून यावे, हा त्याचा हेतू. जुन्या पद्धतीची कुत्र्याची पॉलिसीही त्याच धर्तीची असते. तीत कुत्र्याची किंमत मिळते, औषधाची नाही. अलीकडे, विशेषतः २०२० नंतर, दवाखान्याचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या पॉलिसीही आपल्याकडे आल्या आहेत. काहींत गावठी कुत्री घेतात, काहींत मांजरेही. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: "जनावर जिवंत असताना, उपचारांसाठी किती देणार?" उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या पानावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आपल्या भागातले आजार पाहा

सांगलीच्या बाईला लागणारी छत्री आणि महाबळेश्वरच्या बाईला लागणारी छत्री सारखी नसते. विम्याचेही तसेच आहे.

गोचीड ताप आपल्याकडे बाराही महिने असतो, पण पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडींचा सुळसुळाट फार. ताप, खाणे बंद, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त, कधी गडद लघवी, ही त्याची लक्षणे. मुंबई-ठाण्याकडे, जिथे रस्त्यावर पाणी तुंबते, तिथे लेप्टोची भीती. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. कोकणात आणि शेतावर राहणाऱ्यांनी सर्पदंशाचा विचार करावा. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, पण त्याच्या एकापेक्षा जास्त बाटल्या लागू शकतात आणि खर्च वाढतो. विदर्भात चपट्या नाकाचे कुत्रे पाळले असेल तर उन्हाळ्यात त्याला उष्माघात लवकर होतो. पिल्लू असेल तर पार्व्हो. त्यात रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-चार दिवसांत हातचे जाऊ शकते.

आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "आपल्या भागात तुमच्याकडे जास्त काय येतं आणि साधारण किती खर्च होतो?" ती यादी घेऊन पॉलिसीसमोर बसा. जे आजार यादीत आहेत आणि पॉलिसीत वगळलेले आहेत, त्यांवर तांबड्या पेन्सिलीने खूण करा. खुणा फार झाल्या तर ती पॉलिसी तुमच्यासाठी नाही, हप्ता कितीही कमी असो.

हे प्रश्न विचाराच

१. पॉलिसी घेतल्यापासून किती दिवसांनी आजाराचा खर्च मिळू लागतो? या मधल्या काळात आलेले आजारपण धरत नाहीत. म्हणून पावसाळ्यात पॉलिसी घेण्यापेक्षा उन्हाळ्यातच घेतलेली बरी.

२. प्रत्येक बिलातला आपला वाटा किती? समजा बिल ३०,००० रुपये आणि आपला वाटा २० टक्के, तर ६,००० आपले आणि २४,००० कंपनीचे. पण आजारपणासाठी कमाल मर्यादा १५,००० लिहिली असेल, तर हातात १५,००० च्या वर काही येणार नाही. विम्याची मोठी रक्कम पाहून हुरळू नका, आतली मर्यादा वाचा.

३. कोणत्या वयापर्यंत घेतात? वयाची अट जवळपास सगळीकडे असते. म्हातारपणी विमा काढू म्हणाल, तर दार बंद झालेले असेल.

४. आपला कुत्रा कुणाला चावला तर भरपाईची तरतूद आहे का?

लसी, जंतांचे औषध, गोचिडींची औषधे, नसबंदी असा नेहमीचा खर्च बहुधा मिळत नाही. तो घरखर्चातच धरा.

लसींचे पुस्तक सांभाळा

ज्या आजाराची लस आहे आणि ती टोचलेली नाही, त्या आजाराचा खर्च कंपन्या सहसा देत नाहीत. पिल्लाच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, न चुकता. पिसाळल्याची लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही, हे विसरू नका. लसींचे पुस्तक, महापालिकेचा परवाना, जनावराचे दोन्ही बाजूंचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मूळ बिले एका जाड पाकिटात ठेवा. आजारपण आले की कंपनीला त्याच दिवशी कळवा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे ही कार्यालये आहेत.

विमा नसेल झेपत तर?

काही बिघडत नाही. बँकेत दरमहा ५०० रुपयांचे आवर्ती खाते उघडा. वर्षाला ६,००० जमतात. मोठ्या आजारपणाला ते पुरणार नाहीत, पण रात्री अकराला रिक्षात बसताना हात रिकामे नसतील. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि परळचे बैलघोड्यांचे हॉस्पिटल यांनी कितीतरी गरीब घरांची जनावरे जगवली आहेत. तिथे जाण्यात कमीपणा नाही. आणि रोज संध्याकाळी पाच मिनिटे कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचिडी शोधणे, याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

वन्संनी यंदा नवी पॉलिसी काढली. फॉर्म भरताना "पूर्वी झालेले आजार" असा रकाना आला. विकणारा म्हणाला, "मावशी, ते कोरं सोडा, कोण बघतंय?" वन्संनी त्यात स्वच्छ अक्षरात गोचीड ताप लिहिला, महिना आणि सालासकट. परिणामी त्या तापाचा खर्च आता त्यांना मिळणार नाही, बाकीच्या आजारांचा आणि अपघाताचा मिळेल. मी म्हटले, "वन्सं, नुकसानच झालं की." त्या म्हणाल्या, "नाही हो वहिनी. खोटं लिहून ऐन वेळी दावा फेटाळला, म्हणजे पुन्हा त्या टेबलापाशी हिशेब करत उभी राहणार मी. त्यापेक्षा काय मिळणार नाही हे आजच माहीत असलेलं बरं." तापासाठी म्हणून त्यांनी वेगळे आवर्ती खाते उघडले आहे. पासबुकावर पेन्सिलीने लिहिले आहे, "मोत्या".

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी दुपारची झोप जरा आवरा. घरातल्या मुक्या जिवाचे कागद काढा, चष्मा लावा आणि बारीक अक्षर वाचून काढा. त्याला बोलता येत नाही आणि वाचताही येत नाही. ते काम आपलेच आहे.